ऑपरेशनची तारीख मिळाली? आधी एक शंभर पानी वही आणा

आईच्या पित्ताशयात खडे होते. दुर्बिणीतून ऑपरेशन, सकाळी साडेआठचा नंबर. आदल्या रात्री सिस्टरनी सांगितलं, “बारानंतर उपाशी राहायचं हं आजी.” आई ‘बरं’ म्हणाली, मीही मान हलवली. पहाटे आत्या थर्मास घेऊन गावाकडनं आली. साडेसातला भुलीच्या डॉक्टरांनी विचारलं, “पोटात काही गेलंय का?” आई म्हणाली, “न्हाई ओ, निस्ता कपभर चहा.”

ऑपरेशन पाच दिवस पुढे गेलं. मी आत्यावर चिडलो, आत्या सिस्टरवर. पण खरं सांगायचं तर चूक कुणाचीच नव्हती. आईनं चाळीस वर्षं एकादशी धरली आहे आणि उपवासाला चहा चालतो. तिच्या डोक्यात ‘उपाशी’ म्हणजे तेच. सिस्टरनी सांगितलं होतं, आईनं ऐकलंही होतं. दोघींच्या शब्दकोशात त्या शब्दाचा अर्थ मात्र वेगळा होता.

त्यानंतर दोन वर्षांनी माझं स्वतःचं हर्नियाचं ऑपरेशन झालं. एकदा नातेवाईक म्हणून आणि एकदा पेशंट म्हणून जे कळलं, ते पहिल्यांदाच या भानगडीत पडणाऱ्यांसाठी लिहितोय. तुमच्या डॉक्टरांनी यापेक्षा वेगळं सांगितलं तर त्यांचंच ऐका. त्यांनी तुमची फाईल बघितलेली असते.

१. वही एक, माणूस एक

साधी शंभर पानी वही घ्या. मोबाईलमध्ये लिहू नका. ऐन वेळी चार्जिंग संपतं आणि मोबाईल ज्याच्याकडे आहे तो नेमका मेडिकलच्या रांगेत असतो. पहिल्या पानावर पेशंटचं नाव, वय, रक्तगट, ॲलर्जी, आधीची ऑपरेशनं, चालू गोळ्या. मागच्या पानावर फोन नंबर.

डॉक्टरांशी बोलायला घरातला एकच माणूस ठरवा. आमच्याकडे सुरुवातीला मी, भाऊ आणि मामा असे तिघं वेगवेगळ्या वेळी विचारून यायचो आणि संध्याकाळी घरात तीन वेगवेगळी ऑपरेशनं चर्चेला असायची.

आणि सगळ्यात उपयोगी सवय: डॉक्टरांनी किंवा सिस्टरनी काही सांगितलं की ते आपल्या शब्दांत त्यांना परत सांगायचं. “म्हणजे डॉक्टर, उद्या सकाळी बीपीची गोळी घोटभर पाण्यासोबत घ्यायची आणि साखरेची नाही, बरोबर?” निम्म्या वेळा ते दुरुस्ती करतात. त्या रात्री मी नुसतं “म्हणजे चहा पण नाही ना?” एवढं विचारलं असतं तर पाच दिवस वाचले असते. लाज वाटून घेऊ नका. चांगले डॉक्टर असं परत सांगणाऱ्यावर खूश असतात. जे वैतागतात त्यांना दुसऱ्यांदा विचारा.

२. तारीख पक्की करण्याआधी विचारायचे प्रश्न

हे पाच प्रश्न वहीत लिहूनच आत जा, कारण केबिनमध्ये गेल्यावर आपण हमखास विसरतो:

- ऑपरेशन आत्ताच करायला हवं का? थांबलो तर काय होईल?
- दुर्बिणीतून की पोट उघडून? दुर्बिणीतून सुरू करून मध्येच उघडावं लागण्याची शक्यता किती?
- भूल पूर्ण की पाठीत?
- किती दिवस ॲडमिट, किती दिवस काम बंद?
- घरी गेल्यावर रात्री त्रास झाला तर फोन कुणाला?

कोल्हापूरकरांसाठी सहावा प्रश्न आहे तो पावसाचा. ऑपरेशन तातडीचं नसेल आणि घर प्रयाग चिखली, आंबेवाडी अशा नदीकाठच्या गावात असेल, तर जुलै-ऑगस्टमधली तारीख विचार करून घ्या. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात काय झालं ते आपण बघितलंय. टाके काढायच्या दिवशीच रस्ता पाण्याखाली गेला तर पेशंट तिकडे आणि डॉक्टर इकडे. तीच तारीख घ्यावी लागली तर पहिले दोन आठवडे शहरातल्या पाहुण्यांकडे राहायची सोय बघा.

३. पैसे आणि कागद

हे काम ॲडमिट होण्याआधी करायचं. झाल्यावर धावपळ करून काही मिळत नाही.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजनेतल्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. आधी त्याला भेटा, मग काउंटरवर पैसे भरायचा विचार करा. ही योजना कॅशलेस आहे, ऑपरेशनआधी मंजुरी घ्यावी लागते. आधी खिशातून भरून नंतर परत मागू, हा हिशेब इथे चालत नाही. दुसरं असं की काही ऑपरेशनं योजनेतून फक्त सरकारी रुग्णालयातच होतात. त्यामुळे ‘हे रुग्णालय योजनेत आहे का’ एवढंच विचारून थांबू नका, ‘हे ऑपरेशन इथे योजनेतून होतं का’ असं विचारा. हेल्पलाइन १५५३८८. सरकारीच गाठायचं असेल तर कोल्हापुरात टाऊन हॉलसमोरचं छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, म्हणजे आपलं सीपीआर. ते शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाला जोडलेलं आहे.

रुग्णालय धर्मादाय ट्रस्टचं असेल, तर तिथल्या १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवणं त्यांना बंधनकारक आहे. उत्पन्नाचा दाखला लागतो आणि विचारल्याशिवाय सहसा कुणी सांगत नाही.

खासगी विमा असेल तर दोन गोष्टी बघा. एक, पित्ताचे खडे, हर्निया, मोतीबिंदू अशा ठरावीक आजारांना पॉलिसी घेतल्यापासून काही काळ थांबावं लागतं. ती मुदत संपली आहे का? दुसरी, खोलीभाड्याची मर्यादा. इथे मी स्वतः फसलोय. पॉलिसीत दिवसाला ३ हजारांची खोली बसत होती, मी ‘दोनच दिवस आहेत’ म्हणून ५ हजारांची घेतली. मला वाटलं वरचे दोन हजार आपण भरू. विमा कंपनीनं नुसतं भाडंच नव्हे, डॉक्टरांची फी आणि ऑपरेशन थिएटरचे (ओटीचे) चार्जसुद्धा त्याच प्रमाणात कापले. नियम पॉलिसीत छापलेला होता, मी वाचला नव्हता. विमा नियामकाच्या २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेस मंजुरीचा निर्णय तासाभरात आणि डिस्चार्जच्या वेळची अंतिम मंजुरी तीन तासांत द्यायची असते. डिस्चार्जच्या दिवशी दुपारपर्यंत ताटकळत बसलात तर हे आठवा.

पिशवीत टाकायचे कागद: आधार कार्ड, रेशन कार्ड, विम्याचं कार्ड, जुन्या फाईली, सोनोग्राफी-एक्स-रेच्या मूळ फिल्मा, रक्ताचे रिपोर्ट, सगळ्याच्या दोन-दोन झेरॉक्स. मूळ रिपोर्ट दिला तर वहीत लिहा, कुणाकडे दिला ते.

४. फिटनेस आणि गोळ्यांची पिशवी

हिमोग्लोबिन, साखर, किडनी, ईसीजी, छातीचा एक्स-रे अशा तपासण्या करून फिजिशियन ‘फिटनेस’ देतात. त्यावर लिहिण्यासारखं फार नाही. गोळ्यांवर मात्र आहे.

घरातल्या सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून भुलीच्या डॉक्टरांसमोर ओता. यादी नको, पाकिटंच न्या. ‘ती पांढरी छोटी गोळी’ या वर्णनात शंभर औषधं बसतात. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या कधी बंद करायच्या हे हृदयाचे डॉक्टर आणि सर्जन मिळून ठरवतात. स्टेंट बसवलेल्या माणसानं त्या मनानं बंद करणं जिवावर बेतू शकतं. मधुमेहासाठी डापाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन चालू असेल तर मुद्दाम नाव घेऊन सांगा, ती साधारण तीन दिवस आधी थांबवतात. वैद्यांचे काढे, चूर्णं, कुणीतरी दिलेली गुडघ्याची पुडी, हेही पिशवीत.

आता एक नाजूक गोष्ट. आपल्याकडच्या कितीतरी आया-मावश्या मिश्री लावतात आणि डॉक्टरांनी ‘तंबाखू खाता का?’ विचारलं की ‘नाही’ म्हणतात. त्यांच्या दृष्टीनं ते खोटं नसतं. मिश्री म्हणजे दात घासणं, तंबाखू खातात ते गडीमाणसं. पण निकोटीन ते निकोटीनच. त्यानं बारीक रक्तवाहिन्या आकसतात आणि जखम भरायला वेळ लागतो. बिडी-सिगारेट असेल तर छातीत कफही वाढतो. चार आठवडे आधी सुटलं तर उत्तम. नाही सुटलं तरी खरं सांगा. सुनेसमोर सांगायचा संकोच असेल तर सुनेला बाहेर पाठवा.

रक्त लागण्याची शक्यता असेल तर रक्तपेढीचं आधी विचारून दोन रक्तदाते सांगून ठेवा. पैसे घेऊन रक्त देण्यावर १९९८ पासून बंदी आहे, त्यामुळे ‘सोय करतो’ म्हणणाऱ्याच्या नादी लागू नका.

५. संमतीपत्रावर सही

आपल्याकडे सही घरातला कर्ता करतो. पेशंट शुद्धीवर असेल आणि सज्ञान असेल तर सही त्याचीच हवी. २००८ साली सर्वोच्च न्यायालयानं समीरा कोहली खटल्यात हे स्पष्ट केलं. तपासणीसाठी भूल दिलेली असताना बाहेर बसलेल्या आईची परवानगी घेऊन गर्भाशय काढलं होतं. न्यायालय म्हणालं, जीव वाचवण्याची घाई नसताना आईची संमती पेशंटची होऊ शकत नाही आणि तपासणीची संमती ऑपरेशनची होऊ शकत नाही.

तेव्हा मराठीतला फॉर्म मागा. ऑपरेशनचं नाव, बाजू (डावी की उजवी) आणि धोके लिहिलेले आहेत का बघा. कोऱ्या जागा असलेल्या कागदावर सही करू नका. रात्री अकराला घाईघाईत सही मागितली तरी पाच मिनिटं मागून घ्या.

६. आदली रात्र

भूलशास्त्रातला सर्वसाधारण नियम असा: तेलकट किंवा जड जेवणानंतर ८ तास, हलकं खाणं किंवा दुधानंतर ६ तास आणि साध्या पाण्यानंतर २ तास पोट रिकामं हवं. दुधाचा चहा हा दुधातच धरायचा. कारण साधं आहे. भूल दिली की घशाची राखण थांबते. पोटात काही असेल तर ते वर येऊन श्वासनलिकेत, तिथून फुफ्फुसात जाऊ शकतं. हे कारण आईला कुणी सांगितलं असतं तर तिनं आत्याचा थर्मास स्वतःच परत पाठवला असता. नुसता नियम माणूस विसरतो.

तेव्हा ‘उपाशी’ या शब्दावर थांबू नका. किती वाजल्यापासून चहा बंद, किती वाजल्यापासून पाणी बंद आणि सकाळच्या गोळ्या कुठल्या, ही तीन उत्तरं वहीत लिहून कॉटला दिसतील अशी चिकटवा. आणि गावाकडच्या पाहुण्यांना फोन करून सांगा.

दागिने घरीच उतरवा. ऑपरेशनमध्ये विजेवर चालणारं उपकरण वापरतात, अंगावर धातू असेल तर तिथे भाजू शकतं. मंगळसूत्र आणि बांगड्या निघतात, अडतात ती जोडवी. आईची चाळीस वर्षांत निघाली नव्हती. रात्री दहाला साबणाचं पाणी, मग खोबरेल, मग दोरा गुंडाळून, बायको आणि मी तासभर आईच्या पायाशी बसलो होतो. एक निघालं, दुसरं सोनाराकडून कापून घ्यावं लागलं. आईच्या डोळ्यांत पाणी आलं ते दुखण्यानं नव्हतं. हे आठवडाभर आधी करा आणि आधी समजावून करा.

कवळी, हलणारा दात, लेन्स यांची कल्पना द्या. नेलपॉलिश काढा, बोटांना मेंदी लावू नका, ऑक्सिजन मोजणारी क्लिप बोटालाच लावतात. ऑपरेशनच्या जागेचे केस घरी वस्तऱ्यानं काढू नका. बारीक कापतं आणि तिथूनच जंतू शिरतात. गरज असेल तर तिथले लोक मशीननं काढतात. साबण लावून आंघोळ मात्र जरूर करा.

७. ओटीच्या दारात

तीन-चार जण येऊन तेच विचारतील: नाव काय, कशाचं ऑपरेशन, कुठली बाजू. माझ्या वेळी मी वैतागून म्हणालो, “फाईलवर लिहिलंय की!” ते मुद्दामच विचारतात. जागतिक आरोग्य संघटनेची ऑपरेशनची सुरक्षा तपासयादी आहे. भूल देण्याआधी, चीर देण्याआधी आणि पेशंट बाहेर नेण्याआधी असं तीनदा थांबून ताळा करतात. पूर्ण उत्तर द्या, नुसतं ‘हं’ नको. माझ्या पोटावर उजव्या बाजूला पेननं बाण काढला होता, तो पुसू नका म्हणून बजावलंही होतं.

पाठीतल्या इंजेक्शननं आयुष्यभर कंबर दुखते असं तुम्हाला किमान चार जण सांगतील. त्याला आधार नाही. काही दिवस टोचल्या जागी दुखू शकतं. क्वचित बसलं की डोकं खूप दुखतं आणि आडवं झालं की थांबतं. तसं झालं तर अंगावर काढू नका, सांगा.

८. पहिले चोवीस तास

शुद्धीवर आल्यावर थंडी वाजणं, घसा खवखवणं (नळी घातलेली असते), मळमळणं, हे होतं. दुर्बिणीच्या ऑपरेशननंतर उजवा खांदा दुखतो. आईनं रात्री दोनला खांदा धरला तेव्हा मला वाटलं, हार्ट अटॅकच. पोट फुगवायला कार्बन डायऑक्साइड भरतात, तो छाती-पोटाच्या मधल्या पडद्याला टोचतो आणि दुखणं खांद्यात जाणवतं. दोन-तीन दिवसांत जातं. हे आधी माहीत असतं तर मी सिस्टरना झोपेतून उठवलं नसतं. छातीत दाब आणि घाम, असं असेल तर मात्र उठवाच.

दुखणं सोसू नका. दुखतंय म्हणून माणूस खोल श्वास घेत नाही, खोकत नाही, मग कफ साठतो. ‘शून्य ते दहा’ असं विचारतील. आईनं ‘सोसंल तेवढं हाय’ असं उत्तर दिलं होतं, सिस्टरनी ते तीन धरलं. नंतर विचारलं तर म्हणते, बाळंतपणासारखं दुखत होतं. आकडाच सांगायला लावा.

तीन रंगीत चेंडूंचं प्लॅस्टिकचं यंत्र देतात. त्यात फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते. शेजारच्या कॉटवरचे काका दोन दिवस मनापासून फुंकत होते. खोकताना पोटावर उशी दाबून धरा. उठताना सरळ उठू नका, कुशीवर वळा, पाय खाली सोडा, हातावर जोर देऊन बसा. झोपल्या झोपल्या पावलं वर-खाली हलवत राहा आणि डॉक्टर म्हणतील तेव्हा लगेच चाला, पायात रक्ताच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून. पोट साफ झालं का, वारा सरला का, हे विचारतात त्यात हसण्यासारखं काही नाही. त्यावरून आतडं चालू झालं का ते कळतं.

९. डिस्चार्ज

बिल भरून झालं की सगळ्यांना रिक्षाची घाई होते. थांबा. डिस्चार्ज कार्ड हातात घेऊन सिस्टरसमोर वाचा: कुठली गोळी किती दिवस, जुन्या बंद गोळ्या परत कधी सुरू, ड्रेसिंग कधी, पाणी कधी लागू द्यायचं, टाके कधी काढायचे. पेशंटकडून परत म्हणवून घ्या. आईनं रक्तदाबाची गोळी ‘आता बंद’ असं समजून घेतलं होतं, ते इथेच सापडलं.

१०. घरी: रस्सा, सिलिंडर आणि बघायला येणारे

डाळ-भातानं टाके पिकतात, वांग्यानं पू होतो, असं सांगणारे घरोघरी आहेत. टाके पिकतात ते जंतूंमुळे. जखम भरायला प्रथिनं लागतात आणि ती डाळ, दूध, अंड्यातून मिळतात. पित्ताशय काढल्यावर सुरुवातीला तेल-तूप बेतानं, एवढंच. मटणाशिवाय ताकद येत नाही असं ज्यांचं ठाम मत आहे, त्यांनी डॉक्टरांना विचारून अळणी घ्यावं. तांबडा-पांढरा रस्सा कुठे पळून जात नाही. वेदनेच्या काही गोळ्यांनी पोट साफ होत नाही, पाणी आणि फळं वाढवा. जखमेवर हळद, पावडर, राख काहीही लावायचं नाही.

भरलेला गॅस सिलिंडर साधारण ३० किलोचा असतो. हर्नियानंतर डॉक्टरांनी वजन उचलू नका म्हटलं होतं. मी तिसऱ्या आठवड्यात ‘उचलत नाही, नुसता सरकवतो’ म्हणून सरकवला आणि पुढे दोन दिवस पोट धरून बसलो. सरकवणं म्हणजे उचलणंच. गाडीचं विचाराल तर जोरात ब्रेक दाबताना दुखत नाही, तोवर गाडी दारातच. पूर्ण भुलीनंतर २४ तास गाडी नाही आणि कुठल्या व्यवहारावर सहीही नाही.

बघायला येणाऱ्यांना नाही म्हणता येत नाही, मला कळतं. निदान सर्दी-खोकलेवाल्यांना फोनवर थोपवा आणि कॉटवर बसू देऊ नका.

११. यातलं काहीही झालं तर वाट बघू नका

१००.४ च्या वर ताप, जखम लाल, गरम, पू किंवा घाण वास, एका पायाची पोटरी सुजून दुखणं, दम लागणं, छातीत दुखणं, सतत उलट्या, पोट फुगत जाणं, लघवी न होणं, पित्ताशयाच्या ऑपरेशननंतर डोळे पिवळे होणं. रात्र असेल तर रात्री फोन. रुग्णवाहिकेसाठी १०८.

१२. बरणीतला तुकडा

हे जवळजवळ सगळे विसरतात. काढलेला भाग दाखवायला बरणीत घालून आणतात, आपण ‘बापरे, केवढे खडे’ म्हणतो, फोटो काढतो आणि विषय संपतो. तो भाग पुढे तपासणीला जातो, क्वचित त्यात काही वेगळं निघतं म्हणून. रिपोर्ट यायला काही दिवस लागतात, तोवर आपण घरी असतो आणि कुणी फोन करेलच असं नाही. डिस्चार्जच्या वेळी विचारा, पाठवलाय का, कुठल्या लॅबला, कधी मिळेल. पावती वहीत चिकटवा. आईचा रिपोर्ट टाके काढायला गेलो तेव्हा काउंटरच्या खणात पडून होता. डॉक्टरांनी अर्ध्या मिनिटात वाचला, “जुनी सूज आहे, बाकी काही नाही,” म्हणाले आणि परत दिला. आईनं मला विचारलं, “म्हंजे काय?” मी तिला म्हटलं, डॉक्टरांनाच विचार. तिनं विचारलं.